वही ते माईक : क्रीडा बातमीदार समालोचक कसा झाला?

धारवाडहून अळणावरमार्गे गोव्याकडे जाणारा रस्ता शहर सोडतो न सोडतो तोच केलगेरी लागतं. गाव कन्नड, पण हुबळी-धारवाडच्या या पट्ट्यात घरी मराठी बोलणारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. इथं कुणी मोबाइलवर आयपीएलचा सामना लावला की आधी भाषा निवडायची. कन्नड, मराठी, हिंदी, इंग्रजी. ज्याला जी गोड वाटेल ती. २०२३ च्या हंगामात जिओ सिनेमाने एकूण १२ भाषांत समालोचन दिलं आणि त्यात मराठीही होती. त्याच हंगामात गंमत अशी झाली की, मराठीतून समालोचन करणारा केदार जाधव मधेच माईक खाली ठेवून बेंगळुरूच्या संघात खेळायला गेला. जखमी डेव्हिड विलीच्या जागी त्याला बोलावणं आलं होतं.

ही गंमत असली तरी तिच्यात एक मोठा बदल दडलेला आहे. आज माईकसमोर बसलेला माणूस बहुतेक वेळा मैदानातून आलेला असतो. पूर्वी तो बऱ्याचदा वृत्तपत्राच्या कचेरीतून यायचा. वही, पेन आणि धावफलक घेऊन प्रेस बॉक्समध्ये बसणारा बातमीदार रेडिओवर बोलू लागला आणि हळूहळू त्याचा आवाज घराघरांत ओळखीचा झाला. ही वाट कशी तयार झाली, कुणी चालवली, पुढे ती अरुंद का झाली आणि सीमाभागातल्या होतकरू पत्रकाराला आज ती कुठं उघडी दिसते, याचा हा आढावा.

१९३४ : एक माणूस, एक माईक

भारतात क्रिकेटच्या धावत्या समालोचनाची सुरुवात बॉबी तल्यारखान यांच्यापासून सांगितली जाते. पूर्ण नाव अर्देशीर फर्दूनजी सोहराबजी तल्यारखान. जन्म १८९७, पारशी कुटुंबातला, कर्मभूमी मुंबई. पेशाने क्रीडा पत्रकार. १९३४ मध्ये मुंबईतल्या चौरंगी स्पर्धेचं समालोचन त्यांनी रेडिओवर केलं. तेव्हा ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नावदेखील नव्हतं. ते १९३६ मध्ये आलं.

तल्यारखान यांची खासियत म्हणजे ते एकटेच बोलायचे. जेवणाची आणि चहाची सुट्टी सोडली तर दिवसभर माईक त्यांच्याकडेच. जोडीला दुसरा समालोचक नाही की तज्ज्ञ नाही. खेळ, गर्दी, वारा, खेळपट्टी, सगळं एकाच माणसाच्या तोंडून. १९४८-४९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला, तेव्हा रेडिओने समालोचकांचं मंडळ नेमायचं ठरवलं. माईक वाटून घेणं तल्यारखान यांना मान्य नव्हतं. ते बाजूला झाले.

पण ते गप्प बसले नाहीत, कारण लेखणी होतीच. त्यांचा इंग्रजी स्तंभ पुढे कितीतरी वर्षं चालला आणि मुंबईकर तो आवर्जून वाचत. धर्मांच्या नावाने संघ पाडणाऱ्या पंचरंगी स्पर्धेला विरोध करणाऱ्यांत ते होते. म्हणजे ज्या चौरंगीने त्यांना माईक दिला, तिच्याच पुढच्या अवताराविरुद्ध त्यांनी लिहिलं. १९९० मध्ये त्यांचं निधन झालं. वृत्तपत्रातली जागा हाताशी असली की माईक सोडणं परवडतं, हे त्यांच्या आयुष्यातून दिसतं. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

मराठीचा आवाज : पंडित आणि करमरकर

इंग्रजीतलं समालोचन मराठीत आणणं म्हणजे नुसतं भाषांतर नव्हे. वेगवान गोलंदाजाच्या हातातून सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात तोंडी बसेल असा शब्द हवा. पायचीत, धावचीत, त्रिफळा, झेलबाद, यष्टिरक्षक, षटक, निर्धाव षटक, चौकार, षटकार हे शब्द आज आपण विचार न करता बोलतो. वृत्तपत्राच्या मथळ्यात मावतील इतके ते छोटे आणि रेडिओवर ठसक्यात म्हणता येतील इतके सुटसुटीत. वृत्तपत्राच्या रकान्याने ते रुजवले आणि रेडिओने गावोगावी पोहोचवले.

या कामात पुण्याचे बाळ ज. पंडित यांचं नाव आधी घ्यावं लागतं. १९२९ चा जन्म, २०१५ मध्ये निधन. स्वतः क्रिकेट खेळलेले, क्रिकेटवर भरपूर लिहिलेले आणि मराठी धावत्या समालोचनाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. क्रिकेट न खेळलेल्या माणसालाही मराठीतून सामना डोळ्यांसमोर उभा करता येतो, हे त्या पिढीने दाखवलं. शेतात, गिरणीत, पानपट्टीवर ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकणाऱ्याला ‘सिली मिड ऑन’ म्हणजे काय हे कुणी शिकवलेलं नसायचं. समालोचकाच्या बोलण्यातूनच तो ते शिकला.

दुसरं नाव वि. वि. करमरकर. ‘महाराष्ट्र टाइम्स’ १९६२ मध्ये मुंबईत सुरू झाला. करमरकर त्याचे क्रीडा संपादक. मराठी दैनिकात खेळाला स्वतःचं पान मिळवून देण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं, आणि मराठी क्रीडा पत्रकारितेचे जनक म्हणूनही त्यांचा उल्लेख होतो. त्याआधी मराठी पत्रांत खेळाची बातमी इतर बातम्यांच्या गर्दीत कुठेतरी यायची. करमरकरांनी ती स्वतंत्र केली आणि क्रिकेटपुरती न ठेवता कबड्डी, खो-खो, कुस्ती यांनाही जागा दिली. सामन्याच्या निकालावर न थांबता क्रीडा संघटनांच्या कारभारावरही ते लिहीत. पुढे आकाशवाणी आणि दूरदर्शनवर मराठीतून समालोचन करणारा त्यांचा आवाज श्रोत्यांच्या परिचयाचा झाला. ६ मार्च २०२३ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

करमरकर हे वृत्तपत्रातून प्रसारणात गेलेल्या मराठी पत्रकाराचं ठळक उदाहरण. मात्र ‘गेले’ हा शब्द इथं जपून वापरायला हवा. त्यांनी वृत्तपत्र सोडून माईक धरला नाही. दिवसा मैदानात बोलायचं आणि संध्याकाळी पानासाठी लिहायचं, असं दोन्ही सांभाळणारी ती पिढी होती. रेडिओचं काम त्या-त्या सामन्यापुरतं, तर वृत्तपत्राची नोकरी कायमची.

सीमाभागात बातमी पोहोचायची कशी?

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी धारवाड आणि बेळगाव हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यात होते. त्यामुळे मुंबई-पुण्याची मराठी पत्रं इकडे येणं नवं नव्हतं. बेळगावात तर बाबुराव ठाकुरांनी १९१९ मध्ये ‘तरुण भारत’ सुरू केलेला. पण लांबच्या गावी जाणाऱ्या अंकाची एक अडचण होती. गाडी पकडायची म्हणून त्याची डाक आवृत्ती लवकर छापून निघायची. उशिरा संपलेल्या सामन्याचा निकाल त्यात नसायचा. शहरातल्या वाचकाला सकाळी पूर्ण धावफलक मिळे आणि डाक आवृत्तीच्या वाचकाला अर्धवट.

ही दरी रेडिओने भरून काढली. धारवाडचं आकाशवाणी केंद्र १९५० मध्ये सुरू झालं, सांगलीचं १९६३ मध्ये. धारवाडचं केंद्र कन्नड, सांगलीचं मराठी. सीमाभागातल्या मराठी माणसाचा कान दोन्हीकडे असायचा. एका भाषेत बातम्या आणि दुसऱ्या भाषेत समालोचन, हे इथं कुणाला विचित्र वाटत नाही.

आता वर्ष १९५२ घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. टीव्हीवर पाहण्याचा तर प्रश्नच नव्हता. गावाने तो पराक्रम पाहिला नाही. आधी त्याची बातमी आली, मग मिरवणूक निघाली.

पुढे १९५९. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले. जन्म बेळगाव जिल्ह्यातला आणि कुस्ती कोल्हापूरच्या तालमीतली, म्हणजे मल्ल दोन्ही राज्यांचा. अशा माणसाची गोष्ट सांगायला एकसंबा कुठं आहे हे ठाऊक असणारा बातमीदार लागतो. नकाशावर राज्याची रेघ पाहून लिहिणाऱ्याला ती अर्धीच कळते.

वहीतलं काय कामाला येतं, काय येत नाही

वृत्तपत्रातून माईककडे जाणाऱ्याला काही गोष्टी आयत्या मिळतात.

पहिली, नावं. बातमीदाराने एखाद्या खेळाडूला शालेय स्पर्धेपासून पाहिलेलं असतं. त्याचं गाव, प्रशिक्षक, मागच्या वर्षीची दुखापत हे सगळं वहीत असतं. खेळ थांबला, पाऊस आला, खेळाडू जखमी होऊन पडला, तर भरायला मजकूर लागतो. तो वहीतून येतो.

दुसरी, आकडे. मुंबईचे आनंदजी डोसा यांच्यासारखे सांख्यिकीतज्ज्ञ रेडिओच्या कक्षात असत आणि समालोचकाच्या हातात चिठ्ठी सरकवत. पण चिठ्ठीतला कुठला आकडा आत्ता सांगायचा आणि कुठला गिळायचा हे बातमीदाराला लवकर कळतं, कारण मथळ्यात काय जातं हे तो रोज ठरवत असतो.

तिसरी, शंका घेण्याची सवय. पंचाचा निर्णय, निवड समितीची यादी, संघटनेचं पत्रक, यांपैकी काहीही तो जसंच्या तसं मान्य करत नाही.

आता न चालणाऱ्या गोष्टी. वृत्तपत्रात सामना संपल्यावर लिहायचं असतं, शेवट माहीत असतो. माईकवर शेवट कुणालाच माहीत नसतो. लिहिलेलं वाक्य खोडता येतं, बोललेलं परत घेता येत नाही. लांब, जोडवाक्यांचं लेखी मराठी रेडिओवर चालत नाही. कर्ता, क्रियापद आणि चेंडू कुठं गेला, एवढं पटकन यायला हवं. शिवाय धावसंख्या पुन्हा पुन्हा सांगावी लागते, कारण प्रत्येक मिनिटाला कुणीतरी नवा श्रोता रेडिओ लावत असतो. लिहिणाऱ्याला हा पुनरुक्तीचा दोष वाटतो, पण ऐकणाऱ्याची ती गरज असते.

टीव्हीवर याच्या नेमकं उलट. चेंडू सीमारेषेबाहेर गेलेला प्रेक्षकाला दिसतोच, तो पुन्हा सांगायचा नसतो. तिथं गप्प राहणं हेच काम. रेडिओत मुरलेल्या अनेकांना हे जड गेलं आणि वृत्तपत्रातून थेट आलेल्यांना तर आणखीनच.

बाहेरच्या देशांत हीच वाट

ही वाट फक्त आपल्याकडची नव्हे. बार्बाडोसचे टोनी कोझियर हे पत्रकाराचे चिरंजीव आणि स्वतःही पत्रकार. १९६० च्या दशकात ते रेडिओवर आले आणि पुढची पन्नास वर्षं वेस्ट इंडीजच्या क्रिकेटचा आवाज म्हणून ओळखले गेले. लेखन त्यांनी कधी सोडलं नाही. २०१६ मध्ये त्यांचं निधन झालं.

इंग्लंडचे हेन्री ब्लोफेल्ड १९६३-६४ च्या दौऱ्यात बातमीदार म्हणून भारतात आले होते. मुंबईच्या कसोटीआधी इंग्लंडचे इतके खेळाडू आजारी आणि जखमी झाले की अकरावा माणूस म्हणून ब्लोफेल्ड यांनाच मैदानात उतरवायची वेळ आली होती. शेवटी ती टळली. पुढे बीबीसीच्या रेडिओवर त्यांनी अनेक दशकं गाजवली.

उलट प्रवास करणारेही होते. जॉन आर्लट आधी पोलिसात, मग बीबीसीत. त्यांचं पहिलं क्रिकेट समालोचन १९४६ च्या भारतीय संघाच्या इंग्लंड दौऱ्यातलं. ‘गार्डियन’चे क्रिकेट प्रतिनिधी ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९६८ मध्ये झाले.

आणि आपल्या मुंबईचे डिकी रत्नागर. मुंबईत क्रीडा पत्रकारिता, आकाशवाणीवर समालोचन आणि १९६६ पासून इंग्लंडमध्ये ‘डेली टेलिग्राफ’साठी लेखन. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट क्रिकेटवेड्यांना माहीत असते. १९६८ मध्ये स्वानसी इथं गॅरी सोबर्सने एका षटकात सहा षटकार मारले तेव्हा रत्नागर मैदानावर हजर होते. जानेवारी १९८५ मध्ये मुंबईत रवी शास्त्रीने तिलक राजच्या षटकात तेच केलं, तेव्हाही ते हजर होते. दोन्ही षटकं प्रत्यक्ष पाहिलेला माणूस म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. नशिबाचा भाग त्यात आहेच. पण रणजीच्या साध्या सामन्यालाही जाऊन बसणारा बातमीदार होता, म्हणून तो तिथं होता.

टीव्ही आला आणि दार बदललं

मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेने रंगीत टीव्ही आणला. तरी समालोचकांची निवड बरीच वर्षं रेडिओसारखीच राहिली: ध्वनिचाचणी, यादीत नाव आणि सामन्यागणिक करार. बातमीदाराला इथं जागा होती.

खरा बदल १९९३ नंतरचा. त्या वर्षीच्या हिरो करंडकाच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद पेटला आणि सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की, हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, एकट्या सरकारची मक्तेदारी नव्हे. त्यानंतर खासगी क्रीडा वाहिन्यांचा मार्ग मोकळा झाला. प्रक्षेपणाचे हक्क पैशात मोजले जाऊ लागले.

याच वळणावर हर्षा भोगले यांचं नाव येतं. १९६१ चा हैदराबादचा जन्म, घर मराठी. रासायनिक अभियांत्रिकी आणि मग अहमदाबादच्या आयआयएममध्ये व्यवस्थापनाचं शिक्षण. रेडिओवर बोलायला सुरुवात केली तेव्हा वय जेमतेम १९. १९९१-९२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एबीसी रेडिओने त्यांना बोलावलं आणि नंतर ते ईएसपीएनमध्ये गेले. भोगले नियमित स्तंभलेखन करत आले असले तरी त्यांची सुरुवात वृत्तपत्रातल्या नोकरीतली नाही. कसोटी न खेळताही पहिल्या फळीत टिकलेला समालोचक म्हणून ते महत्त्वाचे आहेत, कारण तोवर वाहिन्यांनी माजी कसोटीपटूंना रांगेत पुढे बसवायला सुरुवात केली होती.

वाहिन्यांची अडचण समजण्यासारखी आहे. प्रेक्षक चेहरा ओळखतो आणि जाहिरातदाराला नाव हवं असतं. शंभर कसोटी खेळलेल्या माणसाने ‘हा चेंडू आत आला’ म्हटलं की पटतं. पण यात दोन गोष्टी हातच्या गेल्या. बातमीदाराची वर जायची शिडी मोडली, आणि माईकवरून प्रश्न विचारणारा माणूस कमी झाला.

करार आणि जीभ

भारतातल्या सामन्यांचे समालोचक ठरवण्यात क्रिकेट मंडळाचा हात असतो, हे आता उघड आहे. २०१६ ची आयपीएल सुरू होण्याच्या तोंडावर भोगले यांना समालोचनातून वगळण्यात आलं. कारण आपल्याला कुणी सांगितलेलं नाही, असं त्यांनी स्वतः जाहीरपणे लिहिलं. काही काळाने ते परतले. मार्च २०२० मध्ये संजय मांजरेकर यांनाही मंडळाच्या समालोचक यादीतून वगळल्याची बातमी आली. त्याच्या आदल्या वर्षीच्या विश्वचषकात रवींद्र जडेजाबद्दलच्या त्यांच्या शेऱ्यावरून बराच गदारोळ झाला होता.

इथं तल्यारखान आठवतात. ते माईक सोडून गेले, तेव्हा त्यांच्याकडे वृत्तपत्राचा रकाना होता. बोलण्यावर बंधन आलं तर लिहिता येत होतं. आजच्या समालोचकाची रोजीरोटी बहुतेक करारावर चालते आणि करार देणारा हा बऱ्याचदा ज्याच्याबद्दल बोलायचं तोच असतो. निवड चुकली, खेळपट्टी वाईट होती, वेळापत्रकाने खेळाडू दमले, हे बोलताना जीभ अडखळली तर दोष एकट्या त्या माणसाला देता येत नाही. म्हणूनच वृत्तपत्रातून प्रसारणात जाणाऱ्या पत्रकाराने मागचं दार पूर्ण बंद करू नये, असं जुने लोक सांगतात. नियमित लिहिण्याची जागा ही त्याच्या बोलण्याची हमी असते.

तिसरी वाट : स्वतःचाच माईक

वाहिन्यांचं दार अरुंद झालं, पण दुसरीकडे खिडकी उघडली. मराठीत द्वारकानाथ संझगिरी हे याचं आधीच्या काळातलं उदाहरण. पेशाने अभियंता, मुंबई महापालिकेत नोकरी आणि लेखणी क्रिकेटची. संदीप पाटील यांच्या संपादनाखाली निघणाऱ्या ‘एकच षटकार’ या पाक्षिकाशी ते जोडलेले होते. स्तंभ, पुस्तकं, दूरचित्रवाणी आणि मग थेट रंगमंच. क्रिकेटवर आणि जुन्या सिनेगीतांवर बोलणारे त्यांचे कार्यक्रम लोक तिकीट काढून ऐकत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते गेले.

पुण्याचे सुनंदन लेले यांचा रस्ता आणखी पुढचा. ‘सकाळ’साठी देशोदेशीच्या दौऱ्यांचं वार्तांकन, आणि आता तोच माणूस मैदानाबाहेर मोबाइल धरून यूट्यूबवर मराठीत दिवसाचा खेळ सांगतो. सामन्याचं चित्र दाखवायचे हक्क त्याच्याकडे नाहीत, ते हक्क कोट्यवधींचे. पण सामना पाहून आल्यावर काय घडलं ते सांगायला हक्क लागत नाही. स्टेडियमबाहेरची गर्दी, सरावाचं वातावरण, खेळाडूच्या घरच्यांशी गप्पा, परदेशातलं मराठी मंडळ हे सगळं बातमीदाराचंच साहित्य. फक्त छापण्याऐवजी बोललं जातं. लंडन असो की मेलबर्न, तिथला मराठी माणूस आणि केलगेरीतला मराठी माणूस एकाच वेळी ते ऐकू शकतो. डाक आवृत्ती लवकर निघायची अडचण संपली.

सीमाभागासाठी यातून काय घ्यायचं?

एक गोष्ट मात्र यंत्राने सुटत नाही, आणि ती म्हणजे नावं. मुंबईच्या स्टुडिओत बसलेल्या समालोचकाच्या तोंडी एकसंबा, खानापूर, अळणावर, हल्याळ नीट येईलच असं नाही. कन्नड आडनाव मराठी समालोचनात मोडतं आणि मराठी आडनाव कन्नड समालोचनात. आपलं नाव टीव्हीवर चुकीचं ऐकलेल्या खेळाडूला आणि त्याच्या गावाला ते किती लागतं, हे या पट्ट्यात सांगायची गरज नाही. दोन्ही भाषा घरातून घेऊन आलेला बातमीदार इथं कामाला येतो. त्याचं हे भांडवल पुण्या-मुंबईत सहसा मिळत नाही.

दुसरी गोष्ट, खेळ. क्रिकेटच्या माईकवर जागा नाही म्हणून रडत बसायचं कारण नाही. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि मातीतला खेळ संध्याकाळच्या मुख्य वेळेत टीव्हीवर आला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला अशी दोन्ही विजेतेपदं भारताने घेतली. पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिला संघाची प्रियंका इंगळे, दोघेही महाराष्ट्रातले. या खेळांत माजी खेळाडूंचे प्रसिद्ध चेहरे कमी आणि जाणकार बोलणाऱ्यांची गरज जास्त.

कुस्तीचं तर विचारूच नका. यात्रेच्या मैदानात हलगी वाजते, लाल मातीत जोड लागते आणि निवेदक माईकवरून मल्लाचं गाव, तालीम आणि वस्ताद सांगत असतो. घिस्सा कधी बसला, कलाजंग का फसली, पट कुणी काढला हे तो क्षणात बोलतो. लोक कुस्ती पाहतात तेवढंच त्याचं बोलणंही ऐकतात. ही समालोचनाची शाळा आपल्या दारात आहे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव पट्ट्यात जागोजाग अशी मैदानं भरतात. वृत्तपत्रात काम करणाऱ्या पोराने तिथं निकाल घेऊन परत न फिरता निवेदकाजवळ बसावं. पुष्कळ शिकायला मिळेल.

तिसरी गोष्ट, प्रत्यक्ष तयारी. या वाटेवरच्या माणसांचं आयुष्य पाहिलं की काही कामं समान दिसतात. ती अशी :

- तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांना स्वतः जाणं. हुबळीत, बेळगावात रणजीचे सामनेही होतात. मैदान रिकामं असलं तरी वही भरते.

- धावफलक स्वतः लिहायला शिकणं. दुसऱ्याच्या आकड्यांवर बोलणारा पहिल्या अडचणीत अडकतो.

- प्रत्येक खेळाडूला नावाचा उच्चार विचारून देवनागरीत आणि कन्नडमध्ये लिहून ठेवणं.

- टीव्हीचा आवाज बंद करून एक षटक किंवा एक चढाई स्वतः बोलणं, ध्वनिमुद्रित करणं आणि दुसऱ्या दिवशी ऐकणं. स्वतःच्या आवाजाचा राग आला तरी ऐकणं.

- लेखी मराठी आणि बोली मराठी दोन्ही जिवंत ठेवणं. रेडिओवर ‘त्याने चेंडू सीमापार धाडला’ हेही चालतं आणि ‘गेला, गेला... चार!’ हेही. कधी कुठलं, हे कानाला कळायला वेळ द्यावा लागतो.

- माईक मिळाला तरी लिहिणं चालू ठेवणं.

यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड. माईक ओळख देतो, रस्त्यात लोक थांबवतात, पैसेही बरे मिळतात. जिल्ह्याच्या पानावर मात्र शालेय कबड्डीचा निकाल लिहायला कुणी उरत नाही. मोठा झालेला प्रत्येक बातमीदार मागे एक रिकामी खुर्ची सोडून जातो. ती खुर्ची रिकामी राहिली की पुढचा खंचनाळे कुठल्या गावातून निघाला, हे पदक मिळाल्यावरच कळणार. आणि तेव्हाही गावाचं नाव चुकीचं बोललं जाण्याची भीती आहेच.

केलगेरीत बसून मराठी समालोचन ऐकता येतं, इथवर यायला जवळजवळ नव्वद वर्षं लागली. आता धारवाड-बेळगावकडच्या खेळाची गोष्ट इथूनच मराठीत सांगितली जाईल का, हा पुढचा प्रश्न आहे. त्यासाठी लागणारं साधन प्रत्येकाच्या खिशात आलेलं आहे. मैदानावर जाऊन वही भरणारी पोरं मात्र हवीत.